श्रावणकाकांच्या अकरा ओळी

मेडशीला एस.टी. आली की सगळे गाडीकडे धावतात आणि श्रावणकाका गाडीभोवती फिरतात.

आधी ते गाडीच्या कपाळावरची गावाच्या नावाची फळी वाचतात. मोठ्यानं, एकेक अक्षर लावून, "वा-शि-म." मग ती फळी कोणी चेष्टेनं लावली असावी असा चेहरा करून मागे येतात. खिडकीतल्या माणसाला विचारतात, "तुमी कुठलं तिकीट काढलं जी?" ड्रायव्हरला विचारतात, "मालेगावहून कोन्या रोडनं जाईन गाडी?" टपावरच्या बोचक्यांकडे मान वर करून बघतात. तोवर कंडक्टरचा धीर सुटलेला असतो.

"काका, बसता का मारू घंटी?"

"थांब नं बापा. अजून ओळख पटली नाई."

कंडक्टर घंटी मारतो. गाडी जाते. काका रस्त्याकडेला उभे राहतात, अगदी शांत, जसं काही त्यांनीच गाडीला जायची परवानगी दिली आहे.

मी कॉलेजच्या पहिल्या दिवसाला निघाले तेव्हाही असंच झालं. फळी वाशिमची होती. आम्ही सगळे धक्के देत चढलो. काका खाली राहिले. मी खिडकीतून हाक मारली, "काका, या ना!" त्यांनी नुसती मान हलवली. मालेगावला गाडी स्टँडवर टेकली, आणि तिथून निघाली ती वाशिमच्या रस्त्याला न लागता सरळ शिरपूरकडे वळली. फळी बदलायची राहिली होती, आणि गर्दीत कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापर्यंत पोचलाच नव्हता. गाडीत एकच ओरडा झाला. आम्ही वीस-बावीस माणसं उतरून, उन्हातून परत स्टँडकडे चालत आलो, तर समोरून मागची गाडी येत होती आणि तिच्या खिडकीत काका बसलेले. ते हसले नाहीत. मी आत चढून त्यांच्याशेजारी बसले तेव्हा एवढंच म्हणाले, "पोरी, फळी वाचाची. मानाची नाई."

त्या दिवशी माझा पहिला तास बुडाला. पण कॉलेजात जाण्यापूर्वी एक धडा मात्र मिळाला होता. तो धडा मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. प्रयत्न करते.

श्रावणकाका आमचे शेजारी. विहाराच्या मागे त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत आहे. नात्यानं ते आमचे कोणी नाहीत, पण माझे बाबा आणि ते एकाच दिवशी, एकाच बैलगाडीतून दीक्षेला गेले होते, आणि आमच्या वस्तीत तेवढं नातं पुरतं. काका अंगानं काटकुळे, उंच, किंचित वाकलेले. पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात पेन नाही, विडीकाडी नाही. तिथे एका जाड प्लॅस्टिकमध्ये घडी घातलेला कागद असतो. त्या कागदावर अकरा ओळी आहेत. काकांच्या आयुष्याची सगळी हकिकत त्या अकरा ओळींच्या पुढे आणि मागे आहे.

तरुणपणी काका मुंबईला गेले. आधी गोदामात हमाली केली. मग एका मोठ्या ऑफिसात सामान उचलायच्या कामावर लागले. त्या ऑफिसात कम्प्युटर आला. आमच्या गावात त्या वेळी पाटलांच्या घरचा रेडिओ हेच सर्वांत हुशार यंत्र होतं, तेव्हा कम्प्युटर म्हणजे काय हे काकांनी आम्हाला समजावून सांगितलं ते असं:

"हे एवढं मोठं कपाट. पन चालू केलं की त्याले काईच येत नाई. आपन मशीन हाओ हेबी त्याले ठाऊक नाई. मंग त्याले एक टेप लावाची. भाकरीएवढी चकती, तिच्यावर पट्टी गुंडायलेली. ते टेप त्याले शिकवते, बाबू, तू मशीन हायेस, असं वाच, असं लिव. मंग ते कामाले लागते."

ही शिकवणारी टेप परदेशातून यायची. दर काही महिन्यांनी नवी आवृत्ती. चौथी, पाचवी, सहावी. जुन्या आवृत्तीनं शिकलेलं मशीन नव्याचं काम करत नसे, आणि नव्यानं शिकलेलं मशीन जुन्या कामात गोंधळ घाली. टेपा फळीवर रचून ठेवायचं काम काकांचं. पण मुंबईची हवा दमट. टेपांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या गळून पडायच्या. कोणीतरी उचलायचा आणि दिसेल त्या चकतीला चिकटवायचा. एकदा नववीची चिठ्ठी असलेली पाचवी टेप मशीनला लागली. दोन दिवसांचं काम वाया गेलं. मोठे साहेब सगळ्यांवर ओरडले, आणि सर्वांत जास्त ओरडले ते अर्थातच चकत्या उचलणाऱ्यावर.

काका सांगतात, "मी मनात म्हनलं, चिठ्ठी खोटी असू शकते. पन टेपच्या पोटात जे हाय ते तं खोटं नसन?"

मग ते दुपारच्या सुट्टीत डबा एका हातात धरून, मशीनला जोडलेल्या टाइपरायटरवर साहेब लोक काय काय हुकूम मारतात ते बघत राहिले. विचारत राहिले. काकांचं शिक्षण नववीपर्यंत. इंग्रजी अक्षरं येत होती, इंग्रजी येत नव्हतं. किती दिवस लागले ते सांगत नाहीत. पण शेवटी त्यांनी अकरा ओळींचा एक हुकूम तयार केला. टाइपरायटरवर एकच शब्द मारायचा, की मशीन त्या अकरा ओळी आपणहून एकामागून एक पाळायचं आणि लावलेली टेप कितवी आहे ते कागदावर छापून द्यायचं. तो एक शब्द म्हणजे 'कोणती'. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी शब्द. साहेब हसले. पण वापरू लागले.

पहिली ओळ म्हणते, बाहेर चिठ्ठीवर काय लिहिलंय ते माणसाला विचारून छाप. दुसरी म्हणते, ते बाजूला ठेव. तिसरीत टेपच्या पोटातला पहिला मजकूर वाचायचा. चौथीत त्याची लांबी मोजायची. पाचवीपासून दहावीपर्यंत, माहीत असलेल्या सहा आवृत्त्यांशी ताडून बघायचं, चौथीपासून नववीपर्यंत. आणि अकरावी ओळ, काकांची लाडकी: यातलं काहीच जुळलं नाही तर छाप, 'ओळख पटली नाही'. तेही मराठीतच.

"त्या अकराव्या ओळीसाठी साहेबासंगं भांडलो मी," काका सांगतात. "साहेब म्हने, जे सगळ्यात जवळचं वाटन ते नाव छापून दे. म्या म्हनलं, नाई साहेब. खोटं नाव देन्यापरीस माईत नाई म्हनाव."

तिथे एक तमिळ साहेब होते. मराठीतले हे तीनच शब्द त्यांना येत. काका म्हणतात, ते साहेब भाजीवालीला, टॅक्सीवाल्याला, एकदा तर स्वतःच्या सासऱ्यालाही 'ओळख पटली नाही' म्हणाले होते. हे किती खरं, मला माहीत नाही. काकांची ही एकच गोष्ट अशी आहे जिची ओळख मी पटवून घेतलेली नाही.

मग गावी त्यांच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. घरात दुसरं कोणी नाही. काका तीन महिन्यांची रजा घेऊन आले आणि चार वर्षं आईजवळ राहिले. लग्न राहून गेलं होतं ते राहूनच गेलं. आई गेली तेव्हा मुंबईची जागा भरलेली होती. काका दोन एकरांत ज्वारी आणि तूर घेऊ लागले. कम्प्युटर राहिला मुंबईत. अकरा ओळी आल्या मेडशीला.

आता अशा माणसानं काय करावं? त्यांनी त्या अकरा ओळी गावाला लावल्या.

लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं "बुंदी" म्हणून काही टाकलं तर काका आधी म्हणतात, "तू बुंदी म्हनतोस. बरं." मग एक दाणा उचलतात, बोटांत दाबतात, वास घेतात, आणि सगळी पंगत जेवून उठते तेव्हा निकाल देतात. एका मुलाच्या बापानं "आमचा पोरगा सरकारी नोकरीत हाय" असं सांगितलं तेव्हा काकांनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "तुमी सांगता ते बाजूला ठेवू. पोरगा सकाळी किती वाजता निंगते, कोन्या दारानं आत जाते, अन् उन्हाळ्यात सुट्टी रायते का?" उत्तरं एकमेकांशी जुळली नाहीत आणि ते स्थळ मोडलं. मुलीचा बाप आठ दिवस काकांवर रागावला होता, आणि नंतर आयुष्यभर त्यांना रामराम घालू लागला.

गावानं त्यांना 'कोणतीवाला' असं नाव पाडलं. लहान पोरं विचारत, "कोणतीवाले काका, माही माय कोन्ती?" काका गंभीरपणे त्यांची नखं, दात, शर्टाची बटणं तपासत आणि म्हणत, "बटन तुटेल, अन् कानामागं मळ. ओळख पटली. तू शांताबाईचा."

माझी आई कंटाळायची. "भाऊजी, तुमी घरात आले तं मले कुकवाच्या डबीचीबी भीती वाटते. ते म्हनन, मी खरंच कुंकू हाओ का नाई."

"वैनी, तुमची डबी मी कवाच पाहेल हाय," काका म्हणायचे. "तिच्यात सुया हायेत."

आणि खरंच सुया होत्या.

पण हायब्रीड ज्वारीचं बियाणं गावात येऊ लागलं तशी काकांच्या वेडाची किंमत कळली. पिशवीवर एक नाव, आत कधी एक दाणा, कधी दुसरा. काकांनी दर वर्षीच्या चांगल्या बियाण्याचे मूठभर दाणे काचेच्या बाटल्यांत भरून ओसरीच्या कोनाड्यात ओळीनं ठेवले होते. पिशवी आली की त्या बाटल्यांशी ताडून बघायचे. गणपतराव म्हणून गावातले मोठे शेतकरी आहेत, वीस-पंचवीस एकरांचे. पहिल्या वर्षी ते बियाण्याची पिशवी घेऊन आमच्या वस्तीत आले तेव्हा अंगणाबाहेरच उभे राहिले. म्हणाले, "श्रावन्या, पाय बरं हे." काकांनी पाहिलं. पिशवी परत गेली. पुढच्या वर्षी गणपतराव ओसरीपर्यंत आले आणि 'श्रावन' म्हणाले. तिसऱ्या वर्षी काकांच्या बाजेवर बसले, आमच्या घरून गेलेला चहा प्याले आणि म्हणाले, "श्रावनराव, तुमी नसते तं माहं शेत यंदा परत पेरा लागलं असतं."

ते गेल्यावर मी काकांना म्हणाले, "काका, कप घेतला त्यांनी."

काका बाटल्यांवरची धूळ पुसत होते. म्हणाले, "चार गोष्टी जुळल्या तं ओळख पटते पोरी. आज दोन जुळल्या."

माझ्या कॉलेज प्रवेशाच्या वेळीही ते बरोबर आले होते. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली, त्यामुळे 'सुजाता' हे नाव लिहून झाल्यावर अर्जातला पुढचा प्रत्येक रकाना मला विहिरीसारखा वाटत होता. जात-धर्माच्या रकान्यासाठी शाळेच्या दाखल्यावर एक लिहिलेलं, बाबांनी सांगितलं दुसरं. कारकून म्हणाला, "नक्की कोणतं धरू?" मागून काका म्हणाले, "साहेब, दोन्ही लिवा. वाचनारा वाचन." आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "ते तं बाहेरची चिठ्ठी हाय. तुझ्या आत काय हाय ते वर्षाच्या शेवटी दाखव."

वर्षाच्या शेवटी मी रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बसले. आम्हाला एकेक अनोळखी क्षार देतात आणि ठरलेल्या क्रमानं चाचण्या करून तो ओळखायचा असतो. म्हणजे काकांच्याच अकरा ओळी. शेजारची मुलगी कुजबुजली, "तुझा जस्ताचा आहे, मला माहीत आहे, लिहून टाक." पण माझ्या चाचण्या जस्ताशी जुळेनात. दुसऱ्या कशाशीही जुळेनात. वेळ संपत आला. मी लिहिलं, ओळखता आला नाही. तो जस्ताचाच होता. दहापैकी चार गुण मिळाले. मी रडत गावी आले, तर काकांनी शिरपूरहून आणलेले पेढे सगळ्या वस्तीत वाटले. "चार कमी नाईत," ते सगळ्यांना सांगत होते. "पोरीनं खोटं नाई लिवलं."

आता कार्डांबद्दल सांगते.

दर महिन्याच्या एक तारखेला काका मुंबईच्या त्या ऑफिसला पोस्टकार्ड पाठवायचे. मजकूर ठरलेला. "सप्रेम जयभीम. नवी आवृत्ती आली काय? आली असल्यास माझ्या हुकमात दहाव्या ओळीनंतर एक ओळ वाढवावी. अकरावी ओळ शेवटीच राहू द्यावी. आपला, श्रावण." उत्तर कधीच आलं नाही.

मी एकदा विचारलं, "काका, इतकं काय त्यात?"

"अवं, माह्या ओळींना नववीपर्यंतच माईत हाय," ते म्हणाले. "मी आलो तवापासून दहावी आली असन, अकरावी आली असन. ओळ नाई वाढवली तं माही 'कोणती' दर नव्या टेपले 'ओळख पटली नाई'च म्हनन. मंग कोनी नवा पोरगा म्हनन, हे कायले ठेवलं? पुसून टाका." मग म्हणाले, "पुसाले एकच ओळ लागते."

तेव्हा मला कळलं की ते नोकरी परत मागत नव्हते. त्यांनी जगात एक गोष्ट केली होती आणि ती अजून चालू आहे का, एवढंच त्यांना हवं होतं. मी विज्ञानाची विद्यार्थिनी. मला वाटलं, हे फार मोठं मागणं नाही. पण ते कोणाकडे मागायचं, ते मला माहीत नव्हतं.

या हिवाळ्यात एका शनिवारी मी वसतिगृहातून गावी आले. रविवारी परत निघाले तेव्हा काकाही थांब्यावर होते, त्यांना वाशिमला काम होतं. गाडी आली. काकांनी फळीकडे एकदा बघितलं आणि ते सरळ चढून बसले.

मी त्यांच्यामागून चढले.

"काका, ओळख पटली?"

"लिवेल तं हाय वाशिम," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. तिकीट काढून झाल्यावर म्हणाले, "कार्ड टाकलं कालच. हे शेवटचं."

पुढच्या खेपेला आईनं सांगितलं, गणपतराव उन्हाळी पिकाच्या बियाण्याची पिशवी घेऊन आले होते. काकांनी ती उघडलीसुद्धा नाही. "न्या. बराबरच असन," म्हणाले. गणपतराव बाजेवर बसून राहिले, मग पिशवी तिथेच ठेवून गेले. कोनाड्यातल्या बाटल्यांवर धूळ बसली होती. आई म्हणाली, "मले आता त्याईचीच भीती वाटून राह्यली व. मानूस कशालेच नाई म्हनत नाई."

मग मी एक गोष्ट केली. ती बरोबर होती की चूक, हे अजून ठरवता आलेलं नाही.

वाशिमला मी संध्याकाळी इंग्रजी टायपिंग शिकते. काकांच्या अकरा ओळी मला पाठ आहेत. लहानपणी तो कागद त्यांनी मला कितीदा वाचू दिला आहे. मी लांब कागद घेतला आणि सगळ्या ओळी मोठ्या लिपीत टाइप केल्या. दहाव्या ओळीनंतर तीन नव्या ओळी घातल्या, दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या आवृत्तीसाठी. मजकुराच्या लांबीचे आकडे मी जुन्या ओळींच्या चालीवर बेतले. 'ओळख पटली नाही' शेवटी ठेवली. खाली एक वाक्य इंग्रजीत लिहायचं होतं, तुमच्या ओळी चालू आहेत, असं. ते चार शब्दांचं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले, कारण व्याकरण कोणाला विचारावं तर का विचारतेस ते सांगावं लागलं असतं.

काका नेहमी सांगत, मशीनच्या कागदाला दोन्ही कडांना बारीक भोकांची रांग असते, त्या भोकांत दाते अडकून कागद पुढे सरकतो. टायपिंगच्या सरांकडे फायलीला भोकं पाडायचं पंच होतं. ते मी दोन्ही कडांना वरपासून खालपर्यंत दाबत गेले. मग तो कागद पाकिटात घालून, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून, मुंबईला गोदीत कामाला असलेल्या माझ्या मामाला पाठवला आणि लिहिलं, आतलं पाकीट तिथल्या पेटीत टाक. मुंबईचा शिक्का बसला पाहिजे ना. मी सगळा विचार केला होता.

पत्र पोचलं त्या शनिवारी मी गावीच होते. तशी वेळ साधूनच आले होते. गणपतराव बाजेवर बसले होते, बियाण्याची पिशवी अजून कोपऱ्यात होती. पोस्टमननं पाकीट दिलं. काकांनी पत्ता वाचला. मग, कितीतरी दिवसांनी, ते पाकीट त्यांनी बाजूला धरलं, उलटं केलं, तळहातावर तोललं. शिक्का उजेडाकडे करून बघितला. आपण पकडले जाऊ अशी भीती होती, आणि तरी मला आनंद होत होता, कारण काका पुन्हा तपासत होते.

त्यांनी पाकीट उघडलं. कागद उलगडला. ओठ हलवत पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. दहावीला थांबले. अकरावी, बारावी, तेरावी. चौदावीवर बोट ठेवलं. मग खालचं वाक्य वाचलं. आणि मग त्यांनी अंगठा कागदाच्या कडेवर ठेवला आणि वरपासून खालपर्यंत भोकांवरून हळूहळू फिरवला. मध्येच थांबले. पुन्हा वर गेले. पुन्हा फिरवला.

गणपतरावांना राहवेना. "काय श्रावनराव? पटली का ओळख?"

काका कागदाकडेच बघत होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

"पटली," ते म्हणाले.

मग उठून त्यांनी कोनाड्यातली एक बाटली काढली, सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि म्हणाले, "आना बरं ते पिशवी इकडं. अन् पोरी, वैनीले म्हन, चाय मांडा. माह्या ओळी चौदा झाल्या."

रविवारी मी निघाले तेव्हा काका थांब्यापर्यंत आले. खिशातून प्लॅस्टिक काढून माझ्या हातात दिलं. आत जुना कागद होता, अकरा ओळींचा. त्यांच्या खिशात आता माझा होता. "हा तू ठेव," ते म्हणाले. "माह्यापाशी नवा हाय." गाडी आली. त्यांनी फळी वाचली, मागे गेले, ड्रायव्हरला विचारलं, टपाकडे बघितलं. मग मला म्हणाले, "जाय. वाशिमचीच हाय."

मालेगाव मागे पडल्यावर मी कागद उघडला. तो मला पाठ होता, म्हणून लगेच दिसलं. दहाव्या आणि अकराव्या ओळीच्या मधल्या जागेत पेन्सिलीनं एक नवी ओळ लिहिली होती. अक्षरं इंग्रजी, शब्द आमच्याकडचे.

भोकं दोन-दोनच्या जोडीनं असतील तर छाप: सुजाता.

फायलीचं पंच एका वेळी दोन भोकं पाडतं. मी दोन भोकांमधलं अंतर बघितलं होतं. एक जोडी संपून दुसरी सुरू होते तिथलं बघितलं नव्हतं; ते कुठे जास्त, कुठे कमी पडलं होतं. आणि त्या पेन्सिलीच्या ओळीखाली, होती तशीच, शाईतली शेवटची ओळ होती, 'ओळख पटली नाही'.

एक तारखेनंतर दोन दिवसांनी वसतिगृहात माझ्या नावाचं पोस्टकार्ड आलं. मजकूर तोच होता. सप्रेम जयभीम. नवी आवृत्ती आली काय? आली असल्यास कळवावे. पत्ता तेवढा बदलला होता.

मी त्याच दुपारी उत्तर लिहिलं. या वेळी हातानं.